येतं ते घ्या

सोमवार, ९ जून १९८६

आज मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले. मुलुंडच्या शाखेत चोवीस वर्षं गणित शिकवलं, पण दैनंदिनी लिहावी असं कधी वाटलं नाही. तिथे बोलायला माणसं होती. इथे घाटकोपरला सकाळी शिक्षकखोलीत पाऊल टाकलं आणि सगळ्यांची बोलणी एकदम थांबली. म्हणजे आता जे काय सांगायचं ते वहीलाच. सकाळचं अधिवेशन सुटून दुपारचं भरेपर्यंत पाऊण तास मिळतो, तेवढ्यात लिहायचं.

शाळा डोंगराच्या उतारावर आहे. मुलं भटवाडीची, असल्फ्याची, वरच्या वस्तीतली. बऱ्याच जणांचे वडील गिरणीतून बाहेर पडलेले, आता कुणी वॉचमन, कुणी रिक्षावर. गेल्या वर्षीचा दहावीचा निकाल चौतीस टक्के. संस्थेचे कार्यवाह चंद्रप्रकाश परुळेकर मला नेमताना म्हणाले, "बाई, वर्गात नक्की काय चालतं तेच कळत नाही हो आम्हाला."

मी म्हटलं, "मला कळेल."

बोलून तर गेले. आता निभवायला हवं.

मंगळवार, १७ जून

तीन नियम लावले. एक, पुढच्या आठवड्यात काय आणि कसं शिकवणार याचं टाचण प्रत्येक शिक्षकाने वहीत लिहून दर शनिवारी माझ्या टेबलावर ठेवायचं. दोन, वर्गाचा आवाज वर्गाबाहेर येता कामा नये. तीन, मी न सांगता तास पाहायला येईन आणि वीसपैकी गुण देईन.

विज्ञानाच्या कुंडलिक धुरी सरांचं टाचण पाहिलं. मोत्यांसारखं अक्षर, तांबड्या शाईत उपशीर्षकं. सव्वीस वर्षांची नोकरी उगाच नाही. आठवी ड ला गणित शिकवणाऱ्या सुलक्षणा तांडेल बाईंच्या टाचणात मात्र अर्ध्या पानावर एकच ओळ: "काल अडलं तिथून पुढे." याला टाचण म्हणतात? या बाईंची नोकरी अजून कायम झालेली नाही. दोन वर्षं पुरी होण्याआधी माझा अहवाल संस्थेकडे जायचा आहे, हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही.

टाचण नाही, पण अर्ज मात्र आहे. "आठवी ड च्या फळ्याला रंग द्यावा ही विनंती." फायलीला लावून टाकला. नाचता येईना अंगण वाकडं.

बुधवार, २ जुलै

पहिला तास पाहिला. आठवी अ, धुरी सर, वनस्पती अन्न कसं तयार करतात. काय शिकवतात! जास्वंदीचं पान घेऊन आले होते. प्रश्न विचारला की पन्नास हात वर. एकही उत्तर चुकलं नाही. अठरा गुण दिले. एकोणीसही दिले असते, पण सुरुवातीलाच फार चढवू नये.

इथला शिपाई धोंडू राऊळ मोठा समजूतदार माणूस आहे. मी निरीक्षणाची वही घेऊन खुर्चीतून उठते, आणि मी वर्गाशी पोचायच्या आत तिथल्या टेबलावर माझ्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवलेला असतो. कधी सांगावं लागलं नाही. मुलुंडला चोवीस वर्षांत कुणी मला पाणी विचारलं नव्हतं.

शुक्रवार, ११ जुलै

आज आठवी ड. पाणी तिथेही पोचलं होतं, खुर्चीही फडकं मारून दाराशी ठेवलेली. मी आत आले याची वर्गाला मात्र शुद्धच नाही.

जानकी घाडी नावाची एक किडकिडीत मुलगी फळ्याशी उभी होती. ७ – (क्ष – ३) यातला कंस सोडवायचा होता. तिने लिहिलं ७ – क्ष – ३. उघड उघड चूक. आणि तांडेलबाई हाताची घडी घालून खिडकीशी गप्प! एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मागून एक मुलगा ओरडला, "ए जानकी, क्षला पाच घालून बघ ना!" दुसरा म्हणाला, "कशाला, बरोबर आहे तिचं." झाली जुंपली. शेवटी मला राहवेना. उठले, तिच्या हातातला खडू घेतला, चिन्ह बदललं आणि नियम सांगितला. कंसाबाहेर वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात. तीनदा म्हणवून घेतला. वर्ग एका सुरात म्हणाला. जानकी मान खाली घालून जागेवर जाऊन बसली. तांडेलबाईंचा चेहरा उतरला. उतरायचाच.

एवढ्याने भागलं नाही. तास अर्धा झाल्यावर बाईंनी टाळी वाजवली आणि सगळ्या वर्गाने दप्तरं उचलून जागा बदलायला सुरुवात केली. बाकांची ती करकर! खालच्या मजल्यावरच्या मुलांना डोंगर घसरला असं वाटलं असेल.

नंतर ऑफिसात बोलावून विचारलं, "हा जागा बदलायचा काय प्रकार?"

म्हणाल्या, "बाई, मी अर्ज दिलाय जूनमध्ये."

मी जागांबद्दल विचारते आणि या अर्जाचं सांगतात. सात गुण. उथळ पाण्याला खळखळाट फार.

रविवार, २० जुलै

घरी ह्यांना सगळं सांगितलं. चौदा तास पाहिले, तेरा उत्तम, एक तेवढा टाकाऊ. मग निकाल चौतीस टक्के कसा, हे काही मला उलगडत नाही. बहुतेक मुलं घरी अभ्यास करत नसावीत.

हे म्हणाले, "रत्ना, जिन्यावर तुझ्या चपलांचा आवाज आला की मी पेपर खाली ठेवून भाजी निवडायला घेतो."

मी म्हटलं, "त्याचा इथे काय संबंध?"

हे नुसते हसत बसले. सेवानिवृत्त माणसाला दुसरा उद्योग नसतो.

गुरुवार, ४ सप्टेंबर

गणपतीसाठी धोंडू गावी गेला, गौरी पोचवूनच येणार. त्याच्याविना शाळा अगदी पोरकी वाटते. तांब्यातून पाणीसुद्धा माझं मीच घेते.

या आठवड्यात तीन तास पाहिले आणि तिन्ही वाईट. एक सर खुर्चीत बसून पुस्तक वाचून दाखवत होते. एक बाई फळ्यावर उत्तरं लिहीत होत्या आणि मुलं उतरून घेत होती. धुरी सर नववीला वीज शिकवत होते. मला दारात बघून त्यांच्या हातून खडू पडला आणि पुढचं वाक्यच सुचेना. शेवटी म्हणाले, "हे घरी वाचून या."

सणाचे दिवस आहेत, मनं गावाकडे लागलेली. हे तीन तास हिशेबात धरायचे नाहीत असं ठरवलं. माणसाने समजून घ्यावं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सहामाहीचे निकाल आले. गणितात आठवी ब चे बावीस पास, आठवी ड चे एकतीस. ड! गेल्या वर्षी नापास होऊन राहिलेल्या मुलांची तुकडी. मला शंका आली. पेपर फुटला, नाहीतर बाईंनी हात सैल सोडला. दहा उत्तरपत्रिका स्वतः तपासल्या. बाईंनी दोन ठिकाणी अर्धा गुण कमीच दिला होता. बऱ्याच मुलांनी उत्तराखाली वेगळ्या शाईत काहीतरी आकडेमोड केलेली, "घालून बघितलं" असं शेजारी लिहिलेलं. हे कुणी शिकवलं देव जाणे. तरीही माझं समाधान झालं नाही.

आज पुन्हा धुरी सरांचा तास पाहिला, यावेळी आठवी ब. तेच जास्वंदीचं पान. उजळणी करून घेण्याची त्यांची ही चिकाटी वाखाणण्यासारखी आहे. पुन्हा अठरा.

सोमवार, १२ जानेवारी १९८७

आज तो अहवाल लिहिला. "श्रीमती सुलक्षणा तांडेल यांची नेमणूक कायम करू नये." सही करण्याआधी दोनदा पेन खाली ठेवलं हे इथे तरी कबूल करते. बाई तुर्भ्याच्या कोळीवाड्यातल्या. आई पुतळाबाई आमच्या इथल्या बाजारात मासळी विकतात. त्यांच्या टोपलीवर ही मुलगी बीएस्सी, बीएड झाली. पण शाळा काही दयेवर चालत नाही. तीन वेळा तास पाहिला, तिन्ही वेळा वर्गात गोंधळ, फळ्यावर चूक आणि बाई गप्प. सात, आठ, सात.

पाठीमागून कळण्यापेक्षा समोर सांगावं म्हणून बोलावलं. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

म्हणाल्या, "बाई, तुम्ही नेहमी दाराशी खुर्चीवर बसता. एकदा शेवटच्या बाकावर बसून बघा ना. एवढंच."

मला माझी जागा दाखवते! मी म्हटलं, "या तुम्ही."

अहवाल परुळेकरांकडे, त्यांच्या स्वतःच्या छापखान्यात, धोंडूबरोबर पाठवून दिला. फेब्रुवारीअखेर संस्थेची सभा आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

तांडेलबाईंच्या आईचा बंदरावर पाय घसरला, मनगट मोडलं. बाई शनिवारपर्यंत रजेवर. आठवी ड ला जायला कुणी तयार होईना. प्रत्येकाचं काहीतरी काम निघालं. म्हटलं मीच जाते. चोवीस वर्षं गणित शिकवलंय, मला काय भीती!

समीकरणं घेतली. नियम सांगितले, म्हणवून घेतले. वर्ग एका सुरात म्हणाला. मग पाच उदाहरणं दिली. बावन्न मुलांत दोघांची बरोबर आली. दोघांची! मी त्यांना आधी विचारलं होतं, समजलं ना? सगळे म्हणाले होते, समजलं.

मुलं उदाहरणं करत होती तेव्हा पाय दुखायला लागले म्हणून मागे गेले आणि खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर टेकले. वर फळ्याकडे पाहिलं तर फळ्यावर काहीच नाही. नुसता पांढरा उजेड. फळा इतका गुळगुळीत झालाय की खिडकीचं ऊन त्यावर पडून आरशासारखं परत येतं. माझंच अक्षर मला दिसेना. उजव्या अर्ध्या वर्गाला ऊन असेपर्यंत फळा दिसतच नाही.

तेवढ्यात जानकीने टाळी वाजवली. कुणी काही विचारलं नाही. मुलांनी दप्तरं उचलली, बाकं करकरली, उजवीकडचे डावीकडे आले. आता यांची पाळी फळा बघायची.

ऑफिसात आल्यावर फाईल काढली. अर्जावर तारीख १२ जून. या वहीत मागे जाऊन पाहिलं, अंगण वाकडं असं मी लिहिलेलं आहे. खोडणार होते, पण राहू दे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला तीनदा बसले.

आठवी ड वर माझा हा शेवटचा दिवस, शनिवारी त्यांना गणित नसतं, म्हणून ठरवलं, तांडेलबाई करतात तसं करून बघू. एका मुलाला फळ्याशी उभं केलं आणि मी खिडकीशी गप्प उभी राहिले. तो चुकला. गप्प राहणं किती कठीण असतं! माझी जीभ नुसती वळवळत होती. मुलं ओरडायला लागली, दोघं जण बाकावर चढले, कोण काय म्हणतोय मला कळेना. तांडेलबाईंच्या वर्गात वाद होता, माझ्या वर्गात बाजार होता.

आणि धोंडू आत आला. टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मी पाणी मागितलं नव्हतं.

वर्गाकडे वळले तर बावन्न पाठी ताठ. हातांच्या घड्या. बाकावर चढलेले दोघं जागेवर. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. पहिल्या बाकावरून जानकी हळूच म्हणाली, "बाई, पाणी आलं. येतं ते घ्या."

"म्हणजे काय गं?"

"कोण तरी बघायला येतंय ना. म्हणजे आम्हाला येतं ते घ्यायचं. धुरी सर पान घेतात. पानाचं आमचं पाठ आहे." मग मला धीर द्यावा तसं म्हणाली, "तुम्ही पण घ्या कायतरी. आम्ही बरोबर बोलू. घाबरू नका."

दारात परुळेकर उभे. सहज आले होते म्हणे, परीक्षेची तयारी बघायला.

मी काय केलं? मी फळा पुसला. त्या मुलाचं चुकलेलं उदाहरण अर्धवट होतं, तेही पुसलं. कागदाचा त्रिकोण कापला, त्याचे तीन कोपरे फाडले आणि शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की तिन्ही मिळून सरळ रेषा होते. मुलुंडला शिक्षणाधिकारी आले की मी हाच धडा घेत असे. या मुलांचा तो सातवीतच झालेला. तरी त्यांनी डोळे मोठे करून पाहिलं. प्रश्नागणिक बावन्न हात वर. ज्याचं उदाहरण मी पुसलं त्याचाही हात वर.

परुळेकर म्हणाले, "वा, बाई! याला म्हणतात शिकवणं."

मी थँक्यू म्हणाले. पेल्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सकाळी धोंडूला समोर बसवलं. उभाच राहत होता, बळेच बसवलं. विचारलं, "धोंडू, पाण्याची ही कल्पना कुणाची?"

बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "माजीच, बाई. कोणी सांगूक नाय. आदले हेडसर लय रागीट. मास्तरांका भर पोरांसमोर बोलत. एक बाई त्या जिन्यार बसान रडताना मी बघलंय. तेवापासून मी पाणी घेवन फुडे जातंय. माणसाची अब्रू जाव नये."

"आणि मी? मी रागीट आहे?"

"तुमी रागीट नाय. पण तुमी वही घेवन येतास."

मी वही टेबलाच्या कडेला सरकवली.

तो गेल्यावर निरीक्षणाची वही पहिल्या पानापासून वाचली. अठरा, सतरा, अठरा. धुरी सरांचं जास्वंदीचं पान. गणपतीतले तीन तास, जे मी मोठ्या मनाने हिशेबातून काढून टाकले होते. ते तीन आणि आठवी ड चे तीन, एवढे सहा खरे तास मी या वर्षात पाहिले. बाकी सगळं मी पाण्यावरचं पाहिलं. वर्गात नक्की काय चालतं ते मला कळेल, असं मी परुळेकरांना सांगितलं होतं! आणि ज्या एका बाईने पाणी येऊनही धडा बदलला नाही, तिला मी घरी पाठवायला निघाले.

उद्या रविवारी धोंडू आणि त्याचा भाऊ आठवी ड चा फळा रंगवणार आहेत. सकाळी मी स्वतः जाऊन उभी राहणार.

मंगळवार, १० फेब्रुवारी

तांडेलबाई काल रुजू झाल्या. रंगवलेल्या फळ्याकडे बघून हसल्या. मी विचारलं, "त्या दिवशी जुलैत पाण्याचा पेला आला तेव्हा मी येतेय हे तुम्हाला कळलं होतं?"

"हो ना."

"मग येतं ते का नाही घेतलंत?"

"मुलं कंसात अडकली होती, बाई. मधेच सोडून कसं जाणार?"

आज छापखान्यात जाऊन परुळेकरांना सगळं सांगितलं. त्रिकोणासकट. आधी ते हसले, मग हसायचे थांबले.

"म्हणजे तुम्ही माझ्यासमोर नाटक केलंत?"

"केलं."

"मग आता जे सांगताय ते तरी खरं कशावरून? जानेवारीत लिहिलंत नको, आता म्हणता हवी. त्यांच्या जागेसाठी दुसऱ्या बाईंचा अर्ज माझ्या टेबलावर आलेला आहे. सभेत मी काय सांगू, आमच्या मुख्याध्यापिकेला वर्ष संपत येईपर्यंत दिसलं नाही?"

"तेच सांगा," मी म्हटलं. "आणि तुम्ही स्वतः आठवी ड मध्ये येऊन बसा. शेवटच्या बाकावर."

येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एका मुलीची नोकरी माझ्या सहीने जाणार होती आणि आता माझ्या सहीला किंमत राहिली नव्हती.

शनिवार, १४ फेब्रुवारी

शिक्षकसभा घेतली. सगळ्यांसमोर त्रिकोणाची हकीगत सांगितली. कुणी हसेना. मग धुरी सर घसा खाकरून म्हणाले, "बाई, माझं पान तुम्ही तीनदा पाहिलंत. तिसऱ्यांदा मला वाटलं, आता तरी हसाल."

मी हसले. मग सगळेच हसले. जूनपासून या खोलीत मी पहिल्यांदा हसणं ऐकलं.

हसणं थांबल्यावर धुरी सर खाली बघत म्हणाले, "नववीचा विजेचा धडा मला शिकवता येत नाही. सव्वीस वर्षं झाली. कुणाला बोललो नाही."

तांडेलबाई म्हणाल्या, "सर, मंगळवारी माझा तास रिकामा असतो. दोघं मिळून घेऊया का? मला पण नीट कळलेलं नाहीये ते."

मी निरीक्षणाच्या वहीत गुणांच्या रकान्यावर रेघ मारली. यापुढे तास पाहायला जायचं ते जिथे अडलंय तिथे, बोलावलं तर, आणि मागच्या बाकावर. पहिलं बोलावणं माझंच. बुधवारी आठवी ड चं समीकरण मी घेणार, तांडेलबाईंनी पाहायचं. आजच टाचण लिहायला बसतेय. या वयात!

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज चौथ्या तासाला परुळेकर आले. पुढे कुणी गेलं नाही. धोंडूला मी बजावून ठेवलं होतं. आम्ही दोघं आठवी ड मध्ये शेवटच्या बाकावर बसलो. साहेबांचे गुडघे मावेनात.

फळ्याशी जानकी. २(क्ष – ३) – (क्ष – ८) = ६. तिने कंस सोडवले आणि दुसऱ्या कंसात पुन्हा तेच केलं, वजा आठ लिहिलं. उत्तर काढलं, क्ष बरोबर वीस. तांडेलबाई खिडकीशी गप्प.

परुळेकर माझ्या कानाशी आले. "चुकलं की हो तिचं. बाई काही बोलत का नाहीत?"

मी म्हटलं, "थांबा."

"अहो, पण..."

"थांबा जरा, साहेब."

थांबा म्हणत होते खरी, पण मलाच थांबवत नव्हतं. हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसले. तिला आज जमलं नाही तर तांडेलबाई गेल्या. उठून एक उभी रेघ मारली, वजाचं अधिक केलं की संपलं. जुलैत मी तेच केलं होतं, आणि जानकीला ते आजही येत नव्हतं.

जानकी वीसकडे बघत राहिली. मग पुटपुटली, "घालून बघते." तिने क्षच्या जागी वीस घातले. चौतीस वजा बारा, बावीस. "सहा पायजेत, बावीस आले," ती वर्गाला म्हणाली. मागून कुणी ओरडलं, "पहिला कंस बरोबर आहे गं!" कुणी म्हणालं, "पहिलाच चुकलाय!" वाद झाला. मध्येच कुणी टाळी वाजवली आणि मुलांनी जागा बदलल्या. फळा रंगवून दोन आठवडे होत आले तरी ती सवय जात नाही. साहेबांना काही कळेना, त्यांच्या मांडीवर एक दप्तर येऊन पडलं. जानकीचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ती एकेका ओळीवर बोट ठेवत मागे मागे गेली. दुसऱ्या कंसाशी थांबली. किती वेळ ते मी पाहिलं नाही, पण मला तो फार लांबला.

"अगं बाई," ती म्हणाली. "आठाला कोण उलटं करणार!"

चिन्ह बदललं. क्ष बरोबर चार. घालून बघितले. सहा. मागे वळून कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही, खडू ठेवला आणि हात फ्रॉकला पुसले.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. येऊ दिलं. जुलैत तिच्या हातातून मी काय काढून घेतलं होतं ते मला आज दिसलं.

परुळेकरांनी मांडीवरचं दप्तर खाली ठेवलं. मग पिशवीतून एक कागद काढला. माझा जानेवारीतला अहवाल. माझ्यासमोर बाकावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा तुम्ही ठेवा. दुसरा लिहून द्या. सभेत मी बोलतो. आणि त्यात ते त्रिकोणाचंही लिहा. मला फसवलंत त्याचा कुठेतरी दाखला राहू दे."

तास संपत आला होता तेव्हा दार उघडलं. धोंडू, हातात पाण्याचा पेला. इतकं बजावूनही राहवलं नसावं. टेबलाशी जाऊन उभा राहिला. एकही पाठ ताठ झाली नाही. जानकी शेजारणीला उदाहरण समजावत होती, मागचे दोघं अजून भांडत होते, तांडेलबाई कुणाच्या तरी वहीवर वाकलेल्या. धोंडूने इकडेतिकडे पाहिलं, पेला उचलला आणि सगळ्या बाकांमधून वाट काढत तो मागे माझ्याकडे घेऊन आला.

"घेवा, बाई," तो म्हणाला. "कोण बघना नाय."

मी पाणी प्यायले. तहान खरंच लागली होती.